रेघ धाकट्याची, भिंत ताईची

एका घराची दोन घरं करण्यात धाकट्याचं उखळ पांढरं होणार होतं. वरच्या दोन खोल्या, गच्ची, रस्त्याकडची गॅलरी, शिवाय जिना आणि जिन्याखालची अडगळीची जागा. या अडगळीसाठीच त्याने नकाशावरची लाल रेघ बरोबर जिन्याच्या पायाशी ओढली होती आणि तीच लाल खडूने फरशीवरही मारून ठेवली होती. थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, खालचं स्वयंपाकघर, मागचं अंगण आणि पुढची खोली. रस्त्यावरून जिन्यापर्यंत जायचं तर ताईच्या याच खोलीतून. पण ते काय मोजायचं? घरचेच तर आहोत!

ताई त्या खोलीत बायकांचे कपडे शिवायची. एखादी बाई अर्धवट टाचलेला कपडा अंगावर धरून आरशासमोर उभी राहिली, की नेमका धाकटा गाडीची किल्ली शोधत जिना उतरायचा. बाई किंचाळायची. हा “डोळे मिटलेत, डोळे मिटलेत!” म्हणत खुर्चीला धडकायचा. दोन जुनी गिऱ्हाइकं अशी कायमची तुटली होती. ताईला या सगळ्या तोडफोडीतून एकच गोष्ट हवी होती: आतून कडी लावता येईल अशी खोली.

“मग पडदा लावू की गं,” धाकटा म्हणाला.

“पडद्याला कडी बसते का?”

“वन्सं, भाऊ काय परका आहे?” धाकट्याची बायको फणकारली.

“परका असता तर दार वाजवून आला असता.”

त्यावर दोघं हसली. ताई गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे विषय मिटला, असा धाकट्याचा लहानपणापासूनचा समज. सकाळी तो निवांत कामावर गेला, बायको लेकीला घेऊन माहेरी.

ताईने वाटणीच्या कामावरच्या मिस्त्रीला हाक मारली. “या लाल रेघेवर भिंत घाला. थेट छतापर्यंत.”

मिस्त्रीने थापी खाली ठेवली. “आणि दादा वर कुठून जाणार?”

“ते दादांनी रेघ ओढताना बघायचं होतं. मजुरी माझी.”

“संध्याकाळी माझी हजामत होईल, ताई.”

“माझ्याकडे पाठवा. मी घरीच आहे.”

संध्याकाळी धाकटा आला तेव्हा भिंत ओली होती आणि ताई बाहीला अस्तर लावत होती.

“हे काय? मी घरात जाऊ कसा?”

“तुझ्या दाराने.”

“माझं दार आहे कुठे?”

“काढलंच नाहीस तू. मी काय करू?”

“पाड ती भिंत!”

“हात लावून बघ,” ताईने सुईवरची नजरसुद्धा उचलली नाही. “तुझ्याच रेघेवर आहे. बोटभर इकडे सरकली असेल तर सांग.”

त्याने खरंच वाकून बघितलं. मग डब्याची पिशवी गळ्यात अडकवून तो रंगाऱ्यांच्या शिडीवरून गॅलरीत चढला. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याने खुर्ची बाहेर आणून बसून बघितलं.

महिनाभर नवराबायको शिडीने ये-जा करत होती, तेव्हा कुठे बाहेरून जिना झाला. गॅलरीशिवाय त्याला टेकायला दुसरी जागाच नव्हती.

तेव्हा कोणाचं काय गेलं? धाकट्याची अर्धी गॅलरी. त्याच्या बायकोच्या कुंड्या आणि तोरा. ताईचं गच्चीवर जाणं, तिथलं ऊन, आणि संध्याकाळी भाचीचं धडधडत खाली येऊन मांडीवर पडणं. या शेवटच्या रकमेपाशी ताई रोज जरा थांबते. मग उठून कडी लावते आणि पुढच्या बाईला म्हणते, “हं, काढा कपडे. कोणी येत नाही.”