पाचवा पाव वळसा

नवे साहेब रुजू झाले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांना ऑफिसातली एक वाकडी गोष्ट दिसली. बाकीच्या दिसल्या नाहीत, हे त्यांचं नशीब आणि ऑफिसचंही. दाराजवळच्या कोपऱ्यातलं पामचं झाड खिडकीकडे इतकं कललं होतं, की बाहेरचं कुणाचं बोलणं चोरून ऐकतंय असं वाटावं.

"तीन महिन्यांनी पाहणी आहे," साहेब म्हणाले. "तोवर हे सुधारलं तर ठीक. नाहीतर उचला, प्लास्टिकचं आणू. ते वाकत नाही."

हे त्यांनी आवकबाईंना सांगितलं, कारण समोर त्याच होत्या. आलेल्या टपालावर शिक्का मारून क्रमांक टाकायचं काम त्या एकवीस वर्षं करत होत्या, म्हणून आवकबाई. खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. पाम वीतभर असताना त्यांनीच आणलं होतं. आता ते त्यांच्या डोक्यावर गेलं होतं. घरी न्यायची सोय नव्हती. घराला धड एकच खिडकी, आणि तिच्यासमोर हातभर अंतरावर शेजाऱ्यांची भिंत.

"इकडे आणू नकोस हो," सासूबाईंनी न विचारताच सांगून टाकलं. "इथे माणसांच्या वाट्याला ऊन नाही, झाडाला कुठलं?"

म्हणजे ऑफिसातून उचललं की मेलं. आवकबाईंनी पदर खोचला आणि रोपवाटिका गाठली.

रोपवाटिकेवाल्याने सगळं ऐकून घेतलं. "बाई, झाड वाकडं नाही, तुमची खोली एकडोळी आहे. उजेड एकाच बाजूने येतो. अंधारातली बाजू जास्त लांबते, उजेडाची आखूड राहते. मग झाड कलणार नाही तर काय करणार?"

"दोरीने बांधलं तर?"

"मला बांधून ठेवलं तर मी सरळ वागेन का? दर आठवड्याला कुंडी पाव वळसा फिरवा, नेहमी एकाच दिशेने. महिन्याभरात चारी बाजूंना सारखा उजेड. आणि शेंड्याला कात्री लावू नका. पामला शेंडा एकच. तो गेला की खेळ खलास."

आवकबाई कारकून होत्या, त्यामुळे कुंडी स्वतः फिरवावी असं त्यांच्या मनात आलं नाही. त्यांनी परिपत्रक काढलं: दर सोमवारी कुंडी घड्याळाच्या काट्याप्रमाणे पाव वळसा फिरवावी व अनुपालन कळवावे. प्रती चारही शाखांना. या ऑफिसात चौघांना सांगावं तेव्हा कुठे एखादा ऐकतो, हा एकवीस वर्षांचा अनुभव.

पाच आठवडे गेले. पाम जास्तच कललं.

"बाई, त्याला तुमची भाषा कळत नाही," म्हातारे शिपाईकाका म्हणाले. "अर्ज करून बघा."

आवकबाईंनी खडू घेतला, कुंडीच्या खिडकीकडच्या कडेवर रेघ मारली आणि सोमवारी नजर ठेवून बसल्या. संध्याकाळी रेघ खिडकीकडेच होती. पण दिवसभरात चार माणसं येऊन, कुंडीशी वाकून, हात झटकत गेली होती.

त्यांनी आवक टपालाचा गठ्ठा उपसला. पाच आठवड्यांचे वीस अनुपालन अहवाल. आस्थापना शाखा: पाव वळसा दिला. लेखा शाखा: दिला. नोंदणी: दिला. भांडार: दिला, सोबत धूळही पुसली. प्रत्येकावर त्यांचाच शिक्का, त्यांच्याच हातचा क्रमांक. शिक्का मारणं हे त्यांचं काम होतं, वाचणं नव्हतं.

चार पाव म्हणजे एक. कुंडी दर सोमवारी पृथ्वीप्रदक्षिणा करून होती तिथेच येत होती.

"मग तिघांना सांगा, नको म्हणून," काका म्हणाले.

"परिपत्रक रद्द करायला साहेबांची सही लागते. आणि एकदा रद्द केलं की चौघंही सुटतात. दुसरं काढलं तर कुत्रं विचारणार नाही. काका, या ऑफिसात पहिल्यांदा कुणी सांगितलेलं ऐकतंय. त्यांना नाउमेद करायचं नाही."

"मग?"

"पाचवा पाव मी देणार. सगळे गेल्यावर."

पुढचे सात सोमवार आवकबाईंची घरी जायची गाडी चुकली. त्यांनी काकांना हाताशी धरून पाम मातीच्या गड्ड्यासकट बाहेर काढलं, कललेल्या बाजूच्या उलट किंचित तिरकं बसवलं, उजेड अडवणारं कपाट हलवलं. कंबर धरली. नवरा म्हणाला, "घरचा मुलगा पोक काढून बसतो, त्याला फिरवत नाहीस." त्या म्हणाल्या, "त्याला पाय आहेत."

पाहणीच्या आदल्या दिवशी साहेब पट्टी घेऊनच आले. खोडाला लावली.

"वाकडंच आहे."

"जुनं खोड सरळ होत नाही साहेब. वर बघा."

शेंड्यातून नवं पान निघालं होतं, अजून मिटलेलं, भाल्यासारखं. ते खिडकीकडे वळलं नव्हतं; थेट छताकडे चाललं होतं. साहेबांनी पट्टी उंच धरली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ पाहिलं.

"पूर्ण डौलात यायला किती दिवस?"

"दोन वर्षं तरी. पाच-सहा पानं यायला हवीत."

"तोवर माझी बदली होईल."

"हो साहेब," आवकबाई म्हणाल्या. "पुढच्या साहेबांना मी समजावेन."

साहेबांनी पट्टी खिशात घातली. "राहू द्या मग," म्हणाले, आणि प्लास्टिकच्या पामचं लिहून ठेवलेलं मागणीपत्र फाडायला स्वतःच्या खोलीत गेले.