सूनमारणी

जपानमधल्या तोत्तोरीच्या वाळूच्या टेकड्यांवर आमच्या पर्यटन मंडळाने गेल्या उन्हाळ्यात एक नवी शर्यत काढली. खांद्यावर कावड, दोन टोकांना दोन बादल्या, आणि वाळूच्या चढावरून पळत सुटायचं. नाव ठेवलं, ‘हसऱ्या सुनांची दौड’. मानाच्या पाहुण्या म्हणून माझ्या सासूबाईंना बोलावलं होतं, कारण वाळूतल्या शेतांना कावडीने पाणी वाहिलेल्या बायकांपैकी गावात त्याच उरल्या होत्या.

मंडळाचे अध्यक्ष ओनोए माईकवर ओरडत होते. ओसाकाहून आलेल्या मुली निळ्या किमोनोत खिदळत पळत होत्या, पडत होत्या, आणि लोक फोटो काढत होते. एक मुलगी तोंडावर आपटली, बादली घरंगळत खाली गेली. सगळे हसले. सासूबाईंच्या शेजारी बसलेले माझे सासरे सर्वांत मोठ्याने हसले आणि टाळ्या वाजवू लागले.

सासूबाई उठल्या. मला वाटलं, ऊन लागलं. पण त्या सरळ ओनोएंकडे गेल्या.

“याला आम्ही काय म्हणायचो, ठाऊक आहे का तुला?”

“सांगा ना आजी, सांगा!” ओनोएंनी माईक त्यांच्या हातात दिला.

“सूनमारणी. आम्ही याला सूनमारणी म्हणायचो.”

ओनोएंचं हसू जागच्या जागी राहिलं. “आजी, जुन्या गोष्टी त्या... आज सणाचा दिवस...”

“माझी धाकटी जाऊ चिसे सातव्या महिन्यात याच चढावर पडली. वाळूत पाय भाजत होते तिचे. मूल गेलं. सासूने आधी काय विचारलं? ‘पाणी सांडलं का?’” मग त्या नवऱ्याकडे वळल्या. माईक तसाच हातात. “आणि हे ओट्यावर बसून कलिंगड खात होते. म्हणाले, माहेरी पाठवा तिला, रोपं वाळतायत. हिवाळ्यात तिथेच वारली बिचारी. वाजवा आता टाळ्या!”

कुणीतरी माईक बंद केला. सासूबाईंनी तो वाळूत भिरकावला.

घरी आल्यावर सासरे म्हणाले, “चार लोकांत अब्रू घालवलीस. इतक्या वर्षांनी काय उकरून काढतेस?”

“इतकी वर्षं तुमचा भात शिजवत होते, म्हणून राहिलं.”

“तेव्हा सगळ्याच घरांत तसं होतं, किनुयो. फवारे कुठे होते तेव्हा शेतात?”

“फवारे नव्हते. तुम्हाला खांदे तर होते ना?”

सासूबाई उंबऱ्याशी बसून मोज्यांतली वाळू झटकत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “मी मेले की तुमच्या घराण्याच्या थडग्यात माझ्या अस्थी ठेवायच्या नाहीत. तुमच्या आईच्या शेजारी तर मुळीच नाही. मला चिसेजवळ ठेवा.”

“लोक काय म्हणतील?”

“तोवर मी मेलेली असेन. तुम्ही ऐका.”

माझा नवरा म्हणाला, राग उतरेल. नाही उतरला. शरद ऋतूत लोणच्याच्या बारक्या कांद्याच्या शेतांवर जांभळी फुलं आली, तेव्हा त्या मलाच म्हणाल्या, “सावाको, गाडी काढ.”

चिसेचं माहेर डोंगरापलीकडे. तिचा भाचा आता म्हातारा झालेला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, “आत्याच्या थडग्याशी कुणी येत नाही. तुम्ही आलात तर बरंच होईल.” देवळातल्या भटजींनी आधी आढेवेढे घेतले. सासरच्या माणसाची संमती हवी म्हणाले.

“मी आहे ना सासरची,” मी म्हणाले. माझाही आवाज चढलाच. मग त्यांनी संमतीच्या कागदावर माझी सही घेतली.

यंदा शर्यत पुन्हा झाली. नाव तेवढं बदललं, ‘वाळूवरची दौड’. सासूबाई गेल्या नाहीत. सासरे गेले. तिथे त्यांना थडग्याचं कळलं; आल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मीही त्यांच्यापुढे ताट ठेवते आणि उठून सासूबाईंबरोबर आतल्या खोलीत जेवते.