माझ्या छातीतला माणूस

मित्रांनो, मी एक जुना यंत्रयोद्धा आहे. घाबरू नका, माझी उंची जेमतेम वीतभर आहे आणि मी प्लॅस्टिकचा आहे. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या मियोरीने मला सुट्या भागांतून जोडलं, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आमच्यावरचे दोन्ही सिनेमे तिला तोंडपाठ होते. त्यांत माझ्यासारखे योद्धे शत्रूची यंत्रं फोडायचे, आणि ते आठवून मियोरी माझा हात उंच करून आरोळी ठोकायची. मला वाटायचं, मी आपला आपणच लढतो.

ओकानोबाईंच्या खेळण्यांच्या दुकानात दरवर्षी मॉडेलांची स्पर्धा असे. जिंकलेलं मॉडेल वर्षभर दर्शनी काचेत बसे. तीन वर्षं तिथे मियोरीच्या भावाचं, शूहेइचं विमानच होतं. त्या वर्षी मियोरीने महिनाभर मला घासलं, रंगवलं. एक सांधा म्हणून दिसेना.

"या वेळी तुझं विमान खाली उतरणार, दादा," ती म्हणायची.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दोघं आमच्या सिनेमाचा तिसरा भाग बघायला गेली. दुपारी परत आल्यावर मियोरीने आरोळी ठोकलीच नाही. ती हनुवटी टेकून माझ्याकडे नुसती बघत बसली. मी हरलो की काय तिकडे?

"फारच उदास केलाय हा भाग," शूहेइ म्हणाला. "लढाया मात्र झकास."

"पडलेल्या यंत्राचं दार उघडलं, तेव्हा तू पॉपकॉर्न खात होतास."

"मग काय, उपास करायचा?"

"आतला मुलगा माझ्याएवढा होता, दादा. मांडीवर अर्धी खाल्लेली भाताची मूद. आधी किती यंत्रं फुटली, एकाचंही दार उघडलं नव्हतं. मी प्रत्येकाला टाळ्या वाजवल्या." मग तिने माझ्याकडे बोट केलं. "याच्यात कोण आहे?"

"कोणी नाही. तो चिमुकला चालक बसवायचा तूच कंटाळा केलास. छाती बंद झाल्यावर दिसतो कोणाला?"

मी रिकामा आहे, हे मला तेव्हा कळलं.

खोक्याच्या तळाशी तांदळाच्या दाण्याएवढा चालक सापडला. मियोरीने पातं उचललं.

"वेडी आहेस का? गोंद पक्का झालाय, तडा जाईल. उद्या स्पर्धा आहे."

पातं क्षणभर थांबलं. मग माझ्या छातीत शिरलं. तडा गेलाच, गळ्यापासून कमरेपर्यंत. ब्रशच्या एका केसाने तिने त्याला दोन डोळे काढले, आत बसवलं आणि मला मिटलं.

दुसऱ्या दिवशी ओकानोबाईंनी भिंग लावलं. "एवढं सुबक काम, आणि मधोमध हे काय गं?"

"आत माणूस बसवलाय."

"दिसत तर नाही."

"नाही दिसत. पण आहे."

बाई बराच वेळ त्या तड्याला भिंग लावून होत्या. काच मात्र पुन्हा विमानालाच मिळाली. मियोरी डोळे पुसत घरी चालली होती. शूहेइ म्हणाला, "माझ्या विमानातसुद्धा कोणी बसवलेलं नाहीये गं."

मित्रांनो, आज माझा रंग पिवळा पडलाय, एक हातही निखळतो. तुम्ही आम्हाला खुशाल लढवा, पाडा. पण पडलेल्याचं दार एकदा उघडून बघत जा. आणि मला उचललंत, तर जरा हळू धरा. आत तो बसलेला आहे.