टेकडीवरचा उंबरा

मित्रांनो, मी एक जुना दगडी उंबरा आहे. आज रस्त्याच्या कडेला पालथा पडलो आहे, पण माझे घर टेकडीच्या माथ्यावर होते. त्याच टेकडीच्या दगडातून पाथरवटाने मला घडवले. साठ वर्षे माणसे मला ओलांडून आत-बाहेर करत होती. घरातले आंधळे आजोबा रोज माझ्यावर बसून वेताच्या खुर्च्या विणत.

मग शहराने ठरवले की, चढावर माल ओढणारे घोडे धापा टाकतात, तेव्हा टेकडी कापून रस्ते सपाट करायचे. पंप आले. जाड नळांतून पाण्याचा मारा सुरू झाला आणि टेकडी चिखल होऊन वाहू लागली. शेजारची घरे गेली. आमचे घर सोडायला महिनाभराची मुदत होती, पण कापलेला कडा अंगणापर्यंत येऊन ठेपला.

"सूनबाई, दगड थरथरतोय," आजोबा म्हणाले.

"पंपामुळे, मामंजी. माझी भांडीसुद्धा फळीवर नाचतात."

मजुरांचा मुकादम तर हसलाच. "आजोबा, थंडी वाजत असेल त्याला. गोधडी घाला!"

मला सारे कळत होते, पण दगडाला तोंड नसते. माझ्या पोटाखालची माती रोज थोडी सरकत होती.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत पंप थांबला. मजूर आणि मुकादम खाली कड्याच्या सावलीत डबे उघडून बसले. आजोबांनी विणणे सोडून माझ्यावर तळहात टेकला.

"सूनबाई, पंप चालू आहे का गं?"

"नाही. का हो?"

"मग हा कशाने हलतोय?"

तिने हात लावला, तर मी खरेच हलत होतो. माझ्यावर उभी राहून ती खाली ओरडली, "अरे उठा! पळा! दरड कोसळतेय!" मग लेकराला काखोटीला मारून, सासऱ्यांचा हात धरून ती मागच्या दाराने पळाली.

मजूर डबे टाकून धावले. मुकादम मात्र जागचा हलला नाही. "घ्या! आता सूनही सासऱ्याच्या नादी लागली," एवढेच तो म्हणाला.

मग आम्ही सगळेच खाली आलो. अंगण, घर, मी.

मुकादमाला आठ दिवस शोधले. नवव्या दिवशी वरून खडी पसरली. आता तिथून गाड्या भरधाव जातात.

मित्रांनो, रस्ता सपाट हवा, माझी ना नाही. पण कुदळ मारण्याआधी तिथे राहणाऱ्याला एकदा विचारा, आणि तो सांगू लागला तर हसू नका.

मुकादमाची बायको अजून कधी कधी येते. कुठे उभे राहून हात जोडावेत, हे तिला कळत नाही. सपाट रस्त्यावर सगळी जागा सारखीच दिसते.