‘पहिली’ म्हणणारी ओळ

मित्रांनो, मी एक जुना नियम आहे. संगणकातली माहिती सांभाळणाऱ्या एका प्रणालीतली जेमतेम एक ओळ. ही प्रणाली देशोदेशीच्या माणसांनी मिळून लिहिलेली. कुणीही ती फुकट घ्यावी, उघडून वाचावी, चूक दिसली तर कळवावी. माझं काम साधं होतं. मशीन सुरू झालं की जी डिस्क आधी जागी होईल, तिला मी ‘पहिली’ म्हणायचो. मग नोंदी शोधणारे सगळे त्या ‘पहिली’कडेच जायचे.

२००३ साली मी जालन्यातल्या एका बियाणे संशोधन केंद्रात आलो. बाजरीवर गोसावी रोग पडला तेव्हा कोणतं वाण तगलं, कोणतं गेलं, अशा केंद्रप्रमुख तातेराव सरांच्या अकरा वर्षांच्या नोंदी तिथे होत्या. मशीन सांभाळायची बेबीनंदाताई, हसनाबादच्या एका शिक्षकाची लेक. तेव्हा डिस्क एकच होती. चुकायला जागाच नव्हती, म्हणून मी गुणी ठरलो.

२००८ साली दुसरी डिस्क बसली. डिस्कवरचा क्रमांक पाहून नाव देणारा नवा नियमही आला. पण मला कुणी काढलं नाही. मी त्याच्यानंतर वाचला जायचो, त्यामुळे शेवटचा शब्द माझाच. तो नवा मला पहिल्या दिवसापासून खटकत होता.

लोडशेडिंगमुळे मशीन रोज बंद व्हायचं. त्याच वर्षी जूनमधल्या एका सकाळी नोंदी गायब झाल्या. दुसऱ्या दिवशी परत दिसल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा नाहीत. केंद्रात कुजबुज सुरू झाली. माणसं एकमेकांच्या पिशव्यांकडे पाहू लागली.

कार्यालयातला मच्छिंद्र सर्वांसमोर म्हणाला, “सर, बेबीनंदा मॅडम अंबड चौफुलीवर एका बियाणे कंपनीच्या माणसासंगं बोलून राह्यल्या होत्या. म्या सोता पाह्यलं.”

“तो माझा मावसभाऊ आहे,” ताई म्हणाली.

तातेराव सरांनी हात पुढे केला. “मशीनच्या खोलीची किल्ली द्या.”

तिने दिली. खरं सांगतो, मलाही वाटलं, चोर एक तर ही, नाही तर तो नवा नियम. स्वतःकडे माझं लक्षच गेलं नाही.

चार दिवसांनी ती सरांपुढे उभी राहिली. “मला एक दिवस द्या. तुम्ही बाजूला बसा. मी कळफलकाला हात लावणार न्हाई, बटन तुम्हीच दाबा.”

सरांनी मशीन बंद केलं, चालू केलं. नोंदी होत्या. पुन्हा केलं. होत्या. तिसऱ्या वेळी पडदा रिकामा. ताईचे दोन्ही हात मांडीवर होते. सर कितीतरी वेळ त्या हातांकडेच पाहत राहिले.

मग दोघांनी एकेक ओळ वाचली. ताईचं बोट माझ्यावर थांबलं. “सर, आता नवी डिस्क आधी जागी झाली, अन् हा तिलाच पहिली म्हणून राह्यला. नोंदी जागच्या जागी आहेत. आपण बघतोय चुकीच्या ठिकाणी.”

मित्रांनो, तेव्हा मला कळलं. चोर मीच होतो.

सरांनी किल्ली पुढे केली. “चुकलं माझं.”

ताईने घेतली नाही. “किल्ली सगळ्यांसमोर घेतली होती, सर. चुकलं तेही सगळ्यांसमोरच म्हणा.”

दुपारी अंगणात सगळे जमले आणि सरांनी ते म्हटलं. मच्छिंद्र मान खाली घालून उभा होता. ताईने किल्ली घेतली, पण त्या दिवशी कुणासोबत चहा मात्र घेतला नाही.

तिने प्रणाली लिहिणाऱ्यांना पत्र पाठवलं. पुढच्या आवृत्तीतून त्यांनी मला काढून टाकलं. आता मी बदलांच्या जुन्या नोंदवहीत असतो. शेजारी कारण लिहिलं आहे: ‘काळ संपला. कळवणारी: बेबीनंदा, जालना.’

मला राग नाही. मित्रांनो, जुने नियम वेळोवेळी वाचत जा आणि निरुपयोगी झाले की खुशाल काढा. आम्हाला दुखत नाही. आमच्यापायी ज्या माणसावर बोट रोखलं जातं, दुखतं ते त्याला.