शेवटून पहिला

"वन!" ईफा ओरडली आणि वळून आत्मारामकडे बघत राहिली.

"दोन," आत्माराम म्हणाला. म्हणायचं होतं इंग्रजीत. पण सकाळी साडेसहाला, तेही ज्या पोरांवर वर्षभर मनातल्या मनात दात-ओठ खाल्ले त्यांच्याच रांगेत उभं राहिल्यावर, तोंडातून आईचीच भाषा निघाली. कोणी हसलं नाही. त्याच्या मागून पर्णिका "थ्री" म्हणाली, मग चार, पाच, सहा, आणि सगळ्यांत मागचा तांबूस दाढीचा, रुंद खांद्यांचा पोरगा म्हणाला, "सेव्हन. नोबडी बिहाइंड."

सात, मागे कोणी नाही. आत्मारामला त्या पोराची कीव आली. धडधाकट दिसतोय, पण यांनी त्यालाही शेवटी टाकलाच.

अमिरातीतल्या फुजैऱ्याच्या मागचे हे डोंगर आत्मारामने चोवीस वर्षं रोज बघितले होते, पण ते गाडीच्या काचेतून. तेलाच्या टर्मिनलवर पंप मेकॅनिक असलेल्या माणसाला डोंगराशी काय करायचंय? उघडेबोडके तपकिरी दगड, अधूनमधून एखादं काटेरी झाड, त्याखाली एखादी बकरी. "बाबा, एकदा वर जाऊ या ना," संग्राम दहा वर्षांचा असल्यापासून म्हणत होता. "पुढच्या शुक्रवारी," आत्माराम म्हणायचा. असे किती शुक्रवार गेले याची गणतीच नाही. मग सरकारने शुक्रवारची सुट्टीच बदलली, आणि संग्राम आयर्लंडला शिकायला गेला.

तिथे पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठात तो गिर्यारोहण क्लबात शिरला. दर रविवारी पंधरा-वीस पोरं बसने जायची, पावसात आणि चिखलात डोंगर तुडवायची, संध्याकाळी ओलीचिंब होऊन परतायची. फोनवर त्याचा आवाज कसा फुलून यायचा! आत्माराम म्हणायचा, "अरे, दमा आहे तुला, जपून." त्यावर पोरगा म्हणायचा, "बाबा, आय ॲम फाइन. खरंच."

गेल्या फेब्रुवारीत तो त्या डोंगरातून परत आलाच नाही.

विद्यापीठाचं पत्र आलं. चांगल्या शब्दांतलं, दोन पानी. त्यातलं एक वाक्य आत्मारामला पाठ झालं होतं. अपघाताच्या वेळी संग्राम गटाच्या शेवटी चालत होता. बस, एवढंच. पण या एका वाक्याने त्याचं वर्ष जाळून टाकलं. कारण शेवटी कोण चालतं हे त्याला ठाऊक होतं. शाळेच्या स्पर्धेत हा पोरगा छातीचा भाता हलवत सगळ्यांच्या मागून यायचा. एकदा मंडळाच्या सहलीत धावण्याची शर्यत लागली, तेव्हा आत्मारामने चारचौघांत टाळी वाजवून म्हटलं होतं, "आला, आमचा शेवटून पहिला आला!" सगळे हसले. संग्रामही हसला. ते त्याचं हसणं आता आत्मारामला झोपू देत नसे.

तो मागे पडला असेल. त्याला श्वास लागला असेल. हाका मारल्या असतील, आणि ही पोरं गप्पा मारत पुढे निघून गेली असतील. किती वेळाने त्यांच्या लक्षात आलं असेल? दहा मिनिटांनी? अर्ध्या तासाने?

आणि आता तीच सहा पोरं सुट्टी काढून इथे आली होती. संग्राम ज्या डोंगराविषयी सतत बोलायचा, तो चढायला. काल संध्याकाळी घरी आली तेव्हा दाराबाहेर चिखलाचे डाग वाळलेल्या सहा जोड बुटांची ओळ लागली. शालिनीने सगळ्यांना जेवू घातलं, भाताचा आग्रह केला. आत्माराम जेवणाच्या वेळी मुद्दाम टर्मिनलवर थांबला. घरी आला तेव्हा पोरं हॉटेलवर गेली होती आणि शालिनी धपाट्याचं पीठ मळत होती.

"उद्या तुम्ही जाताय त्यांच्याबरोबर," ती म्हणाली.

"मी कशाला जाऊ?"

"विचारायचंय ना तुम्हाला? मग विचारा एकदाचं. नाहीतर जन्मभर माझ्यावर खेकसत बसाल." मग जरा वेळाने, पिठात बघत ती म्हणाली, "भांडू मात्र नका. लेकरं आहेत."

म्हणून तो आला होता, पायात टर्मिनलचे सेफ्टी शूज घालून आणि पाठीवर धपाट्यांचा डबा घेऊन.

चढ सुरू झाला. आत्मारामने आधीच पर्णिकाला सांगून ठेवलं होतं, "मला मागे ठेवा. मी आपला माझ्या चालीने येतो." ही पर्णिका नाशिकची. क्लबात मराठी बोलणारी ती आणि संग्राम, एवढी दोघंच. तिने ईफाला विचारलं. ईफा म्हणजे त्यांची म्होरकी, उंच, उन्हाने नाक लाल झालेली मुलगी. तिने मान हलवली.

"काका, ती म्हणते नाही. तुम्ही तिच्या मागेच चाला. तुमच्या स्पीडने सगळे चालतील."

म्हणजे म्हातारं म्हणून सांभाळून घ्यायचं! आत्मारामला ते झोंबलं. पण तो चालू लागला. आणि खरंच, तो दमला की ईफा न बघताच हळू व्हायची. त्याचा श्वास तिला पाठीमागून ऐकू येत असावा. दर अर्ध्या तासाने थांबून पाणी पिणं, मग मोजणी. वन. दोन. थ्री. आणि शेवटी तो दाढीवाला, "सेव्हन. नोबडी बिहाइंड."

तिसऱ्या मोजणीला आत्मारामला आपली टर्मिनलवरची मोजणी आठवली. तिथला नियम असा, की पंप उघडायच्या आधी त्याचा करंट बंद करायचा आणि त्या स्विचला प्रत्येक माणसाने स्वतःचं कुलूप घालायचं. सात माणसं कामाला, तर सात कुलपं. काम आटपलं की ज्याने त्याने आपलं काढायचं. सगळ्यांत शेवटचं कुलूप आत्मारामचं. ते काढायच्या आधी तो डोकी मोजायचा आणि वर विचारायचा, "सब आ गये ना?" मल्याळी, पठाण, बंगाली, सगळे समोर उभे असायचे आणि हसायचे. तरी तो विचारायचाच. चोवीस वर्षांत त्याच्या पंपावर कोणाचं बोटसुद्धा गेलं नव्हतं.

ही खोड घरातही आली होती. गाडीत बसलं, की किल्ली फिरवायच्या आधी, "सगळे आले ना?" शालिनी म्हणायची, "तिघं तर आहोत, राहणार कोण?" आणि मागच्या सीटवरून संग्राम ओरडायचा, "ऑल प्रेझेंट, बाबा!"

साडेदहाला ते माथ्यावर पोचले. वारा सुटला होता. खाली शहर, त्यापुढे समुद्र, समुद्रात नांगर टाकून खोळंबलेली जहाजं. आणि किनाऱ्याला, कॅरमच्या सोंगट्या मांडाव्यात तशा टर्मिनलच्या पांढऱ्या टाक्या. आपण जिथे जन्म काढला ती जागा एवढीशी असेल असं आत्मारामला वाटलं नव्हतं. पोरं जराशी लांब जाऊन बसली. त्याने डबा उघडला नाही.

"पर्णिका, इकडे ये जरा."

ती येऊन शेजारच्या दगडावर बसली.

"मला एकच सांग, आणि खरं सांग," आत्माराम म्हणाला. वर्षभर घोकलेलं वाक्य होतं. "तुम्ही पुढे निघून गेलात. तो पोरगा दम्याचा, मागे राहिला. मग किती वेळाने तुमच्या लक्षात आलं, की तो नाही?"

पर्णिका त्याच्याकडे बघतच राहिली. "काका, तुम्हाला असं वाटत होतं? वर्षभर?"

"पत्रात लिहिलंय. तो शेवटी होता."

"हो, होता. पण तो मागे पडला नव्हता हो!" तिचे डोळे भरून आले. "काका, आमच्यात सगळ्यांत स्लो माणूस लीडरच्या मागे चालतो. आज तुम्ही चाललात ना, तसा. आणि शेवटी जो असतो तो सगळ्यांत भरवशाचा असतो. कोणाच्या बुटाची नाडी सुटली, कोण रडकुंडीला आलं, कोण दमलंय पण बोलत नाही, हे सगळं तो बघतो. त्याच्या मागे कोणी राहिलं नाही, म्हणजे कोणीच राहिलं नाही. पहिल्या वर्षी संग्राम लीडरच्या मागे असायचा. दम्याचा पंप खिशात ठेवून चालायचा. दुसऱ्या वर्षी एकदम फिट झाला. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, की शेवटी हाच. कारण मागे पडल्यावर कसं वाटतं ते त्यालाच माहीत होतं."

आत्मारामचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि ते त्याला स्वतःचे वाटत नव्हते.

"त्या दिवशी सगळ्यांत स्लो मी होते," पर्णिका म्हणाली. "जाताना ओढा घोट्याएवढा होता. परत येताना पाऊस पडून मांडीएवढा झालेला. आम्ही थांबायला पाहिजे होतं. चूक आमची होती, काका, सगळ्यांची. ईफा अजून रोज तेच म्हणते. एकमेकांचे हात धरून एकेक जण पलीकडे गेलो. मी घाबरून बाकीच्यांना आधी जाऊ दिलं. मग माझे पाय टिकेनात, तर त्याने मला मागून धरून पुढे ढकललं. मी काठावर चढले आणि हात मागे केला. त्याने धरलाही होता. पण त्याला मागून धरायला कोणी नव्हतं ना... शेवटच्याला कोणीच नसतं."

वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते. ती बाजूला करत नव्हती.

"एक मिनिटसुद्धा तो आमच्या नजरेआड झाला नाही. सगळे काठाने धावलो. पुढच्या वळणावर ईफाने पाण्यात उडी मारून त्याला धरलं. डोक्याला लागलं होतं. हेलिकॉप्टर यायला तास लागला. तासभर त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं, आणि पाय मी चोळत होते."

"काही बोलला?"

"एकदाच. माझ्याकडे बघून, मराठीत." पर्णिकाने नाक पुसलं. "म्हणाला, 'सगळे आले ना?' मी म्हटलं, हो, सगळे आले. मग त्याने डोळे मिटले."

आत्माराम उठला. चार पावलं चालला आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. आणि मग तो रडला. त्या उघड्या माथ्यावर, परक्या पोरांच्या देखत, छप्पन्न वर्षांचा तो माणूस मोठ्याने रडला. मुलाचा देह मुंबईला नेला तेव्हासुद्धा तो असा रडला नव्हता. त्या वेळी रागाने त्याला रडू दिलं नव्हतं. ईफा अर्धी उठली, पर्णिकाने हाताने तिला थांबवलं.

बऱ्याच वेळाने त्याने फोन काढला. माथ्यावर रेंज होती.

"शालू," तो म्हणाला, "तो मागे पडला नव्हता गं. सगळ्यांत भरवशाचा होता, म्हणून शेवटी होता. पोरांनीच ठरवलं होतं."

तिकडून शालिनीने विचारलं, "एकटा नव्हता ना?"

"नव्हता. शेवटपर्यंत नव्हता."

"काही म्हणाला?"

"घरी येऊन सांगतो. ते फोनवर नाही सांगता येणार मला."

नाक ओढत शालिनी म्हणाली, "पोरांना खायला घातलंत का? दही वेगळ्या डबीत आहे."

त्याने डबा उघडला. सगळे गोल करून बसले. धपाटे तिखट होते, दाढीवाल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्याने तिसरा मागून घेतला. ईफासमोर आत्माराम दही घेऊन गेला. पाण्यात उडी मारणाऱ्या या मुलीला इंग्रजीत काय म्हणायचं ते त्याला सुचेना. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती खाली बघत राहिली, आणि तिचे खांदे हलू लागले.

उतार सुरुवातीला जपून उतरावा लागला. दुपारी एकच्या सुमाराला मात्र वाट रुंद झाली. खाली कोरड्या नदीच्या वाळूत उभी केलेली गाडी दिसू लागली. शेवटचा अर्धा तास राहिला होता. पाणी पिऊन झाल्यावर पोरं रांगेला लागली, तेव्हा आत्माराम ईफाच्या मागे गेला नाही. तो चालत रांगेच्या टोकाला गेला आणि दाढीवाल्याच्या मागे उभा राहिला.

"काका," पर्णिका म्हणाली, "स्लो माणूस शेवटी चालत नाही. रूल आहे."

"माहीत आहे मला रूल," आत्माराम म्हणाला. "चोवीस वर्षं शेवटचं कुलूप माझंच असतं. तिला सांग."

कुलूप म्हणजे काय ते पर्णिकाला कळलं नाही. तिने ईफाकडे बघितलं. ईफाने आत्मारामकडे बघितलं, त्या रुंद वाटेकडे बघितलं, आणि मान डोलावली. दाढीवाला मुकाट्याने एक पाऊल पुढे सरकला.

"वन!"

"टू." या वेळी हा आकडा पर्णिकाने म्हटला. मग तीन, चार, पाच. दाढीवाल्याने सहा म्हटलं आणि वळून बघितलं.

आत्मारामने एकदा मागे नजर टाकली. उतरून आलेली वाट, दगड, आणि वर उन्हात पांढरा पडलेला माथा. त्याने समोरची सहा डोकी बोटाने मोजली.

"सात," तो म्हणाला. "मागे कोणी नाही. चला."

ईफाने पाऊल उचललं, आणि पुढची सहा पोरं त्याच्या चालीने उतरू लागली.