सॅम्पल फ्लॅटमधला पलंग

मी एक जुना पलंग आहे, आणि सांगायला हरकत नाही, आख्खी इमारत मी एकट्याने विकली. फक्त एक गोष्ट राहिली. माझ्यावर आजवर कुणी झोपलेलं नाही. मावतच नाही ना!

मित्रांनो, माझा जन्म सॅम्पल फ्लॅटसाठी झाला. बिल्डरने सुताराला सांगितलं, "पलंग आखूड कर. खोली मोठी दिसली पाहिजे."

"मग झोपायचं कुणी?"

"झोपायला कोण येतंय? लोक बघायला येतात."

माझ्या उशा डिंकाने चिकटवल्या. शेजारी प्लॅस्टिकची सफरचंदं ठेवली, त्यातल्या एकावर कुणाचे तरी दात उमटलेले. शी! गिऱ्हाईक यायचं, माझ्या चादरीला घामट हात पुसायचं आणि म्हणायचं, "वा, काय ऐसपैस खोली!"

एकदा काका-काकू आले. काका बस चालवून नुकतेच रिटायर झालेले, ताडमाड उंच. आयुष्यभराची पुंजी या फ्लॅटमध्ये घालायची आणि येणाऱ्या भाड्यावर म्हातारपण काढायचं, असा बेत. काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

"हा पलंगही द्यायचा. सामानासकट घराला भाडं बरं येतं."

"घ्या की काकू!" बिल्डर म्हणाला.

"तसं नाही. करारात लिहा. बेडरूममध्ये हा पलंग बसेल आणि त्यावर मोठं माणूस झोपेल. नाही झोपलं तर पैसे परत."

"अगं, पलंगाचं काय लिहायचं?" काका पुटपुटले.

"तुम्ही गप्प बसा. तुमचे पाय कुठे जातात ते मला माहितीये."

बिल्डरला इतकं हसू आलं की त्याने लिहून दिलं. करारातलं कलम आपल्याही अंगावर येऊ शकतं, हे बिचाऱ्याच्या गावीच नव्हतं.

ताबा द्यायच्या दिवशी कळलं, खरी बेडरूम सॅम्पलपेक्षाही लहान. मी आत जाईना. बिल्डरने सुताराला बोलावून मला आणखी कापलं, पाय तेवढे घाईघाईने खिळ्यांवर लटकवले. ओल्या भिंतीला टेकून उभा राहिलो, तर बुरशी अंगाला लागली. किळस आली.

"बघा, बसला!" बिल्डर म्हणाला.

"आता झोपून दाखवा," काकू म्हणाल्या.

खोलीत तिघं मावत नव्हती, म्हणून काका-काकू बाहेर थांबले. दार आत उघडणारं, ते लावल्याशिवाय आडवं होता येईना. बिल्डरने दार लावलं, गुडघे पोटाशी घेतले आणि अंग टाकलं. माझे दोन पाय मोडले. मी उलटलो आणि दाराला पाचरीसारखा अडकलो. माझ्याखाली बिल्डर.

"काकू, दार ढकला!"

"झोप लागली का?"

"नाही हो! मान अडकलीये!"

"मग करार मोडला. चेक दाराखालून सरकवा, लगेच सुताराला बोलावते."

"अहो, हात तर मोकळा आहे ना तुमचा?" काकांनी काळजीने विचारलं.

दाराखालची फट चांगली ऐसपैस होती. सगळ्या रकमेचा चेक आरामात बाहेर आला. काकूंनी तो बँकेत भरला आणि पैसे जमा झाल्यावरच सुताराला फोन केला.

मित्रांनो, घर बघायला जाल तेव्हा नुसतं बघू नका. आडवे होऊन बघा. आणि पलंगांवर दया करा, आम्हाला कापू नका.

सुतार आला. त्याने दारावर हातोडा मारला. दार शाबूत राहिलं. भिंत पडली.